बाराचे निम्मे सहा

राजुरी

प्रिय सुदामभाऊ,

सप्रेम जयभीम.

तुला जाऊन तीन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत एक अक्षर लिहिलं नाही आणि आज लिहायला बसले, कारण काल तुझी मंदा आमच्या दारात येऊन हात जोडून गेली. कशासाठी जोडले, ते तुला कळलं असतं तर तू तसाच उठून आला असतास रे, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून!

आमच्या गॅरेजचं छत काढायचं ठरलंय. तूच घातलेलं, लोखंडी गर्डर आणि वर फरशी. यंदाच्या पावसात मधल्या दोन फरश्या तडकल्या आणि पाणी टेम्पोच्या टपावर ठिबकायला लागलं. ही गोष्ट अवसरीपर्यंत कशी पोचली कोण जाणे, पण मंदा दोन एसट्या बदलून आली. पिशवीत तुझा मापाचा टेप होता. आल्या आल्या तिने छताकडे मान वर करून पाहिलं आणि मग ह्यांच्याकडे वळली.

"दादा, आमच्या मालकांकडनं आयुष्यात एकदाच माप चुकलं. सहा इंची पायजे व्हता, त्यांनी चार इंची टाकला. आता मीच वर्कशॉप बघते, मला कळतंय समदं. मी सहाचे टाकून देते. मजुरी घेणार न्हाई. पण त्यांच्या नावाला ह्या गावात जो डाग..." तिने हातच जोडले.

हे म्हणाले, "बाई, तुमचं मन चांगलं हाय. पण आता आमाला लोखंडाची भानगडच नको. स्लॅब टाकतो आमी. बसा, चहा घ्या."

चहा घेऊन मीच उभी होते. मंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी तरी सांगा दादांना. ते तुमाला लई मानायचे."

आणि मी काय बोलले असेन? "साखर बरोबर झाली का गं?" असं विचारलं मी. साखर!

म्हणजे तू मंदालाही सांगितलं नाहीस. ती तुझी बायको, पंधरा वर्षं तुझ्याबरोबर संसार केलेली, आणि तिचीही समजूत हीच की सुदामचं गणित चुकलं. तू असा कसा रे? घरात तरी बोलायचं होतंस. मला वाटत होतं, निदान एका माणसाला खरं ठाऊक आहे. काल कळलं, तेवढाही आधार तू स्वतःला ठेवला नव्हतास.

अवसरीच्या शाळेत तुझं गणित सगळ्या वर्गाला ठाऊक. दहावीला गणितात तू पहिला आणि मी काठावर पास. मास्तर फळ्यावर उदाहरण लिहायचे आणि खडू खाली ठेवायच्या आत तुझं उत्तर तयार. पुढे तू आयटीआयला गेलास, मी लग्न होऊन राजुरीला आले. माहेरच्या गावचा म्हणून तू मला ताई म्हणायचास. माझ्याहून चार महिन्यांनी मोठा असून! "मॅट्रिक झालेली बाई अन् शेणाच्या गोवऱ्या मोजून वहीत लिहिती," अशी माझी चेष्टा करायचास. केलीस तर केलीस. लिहीत होते म्हणून तर संसार उभा राहिला.

ह्यांनी टेम्पो घेतला तेव्हा गॅरेजची गरज पडली. पत्र्याचं करू म्हणत होते. मी म्हटलं, पत्र्यावर कुरडया वाळत घालता येत नाहीत, मिरच्या टाकता येत नाहीत. सपाट छत हवं. तू टेप घेऊन आलास, आतलं अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलंस आणि विटेच्या तुकड्याने भिंतीवर लिहिलंस, बारा. त्याच्याखाली रेघ, आणि खाली सहा.

"हे काय?" मी विचारलं.

"अंतर फुटात मोजायचं, त्याचं निम्मं करायचं. तेवढा इंच गर्डर उंच. बाराचे निम्मे सहा. आमच्या उस्तादांचा हिशेब हाय, पुस्तकातला न्हाई. पण अजून तरी कुणाचं छत बसलं न्हाई."

"आणि पाचचा चालणार नाही?"

"ताई, भाजीवाल्याकडं कर घासाघीस."

सहा इंची गर्डर पाच नग, तीन तीन फुटांवर. टोकं नऊ नऊ इंच भिंतीत जाणार, टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर लोखंडी पट्टी, म्हणजे वजन विटेवर एकाच जागी येत नाही. भिंतीत जाणारी टोकं तू आधी लाल रंगाने रंगवणार होतास, आत ओल धरते म्हणून. सगळं मला समजावून सांगायचास, मी वहीत उतरवायचे. "सपाट छत बी सपाट नसतंय बरं का. पाण्याला उतार लागतोय. एका बाजूला दीड इंच खाली घेणार हाय मी, पण तुला दिसायचं न्हाई," असंही म्हणाला होतास. मला केवढं नवल वाटलं होतं!

भिंती झाल्या. ठोकळे बसले. आणि सहा इंची गर्डर काही येईनात. आळेफाट्याच्या दुकानदाराने सांगितलं, माल पुण्याहूनच सुटलेला नाही, अजून पंधरा दिवस. गणपती उठले होते. तीन दिवसांवर पितृपक्ष. हे माल घेऊन बाहेरगावी गेलेले, पाच-सहा दिवस तरी येणार नव्हते. त्या वेळी घरात फोन कुठला! माझ्या मनाने घेतलं की उघड्या डोक्याच्या भिंती पितृपक्षात ठेवायच्या नाहीत. गुरुजींना विचारलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त दिला. "नंतर एकदम घटस्थापनेलाच बघा," म्हणाले.

दुकानात चार इंची पडून होते. मी म्हटलं, आण तेच.

तू ओट्यावर बसलास. आठवतंय ना? रागावला नाहीस, हसलासच.

"ताई, तुझ्या देवाला चार इंच अन् सहा इंच कळतंय का गं?"

"त्याला सगळं कळतं."

"मग त्यालाच विचार की, सुदाम पंधरा दिवस थांबू का म्हणतोय."

"देवाची थट्टा नको करू."

"थट्टा न्हाई. तुला मुहूर्त पाळायचाय ना, पाळ. एक गर्डर चढव, हळदकुंकू लाव, नारळ फोड. बाकीचे आले की चढवू."

"एक तुळई चढवून काम अर्धं सोडायचं? तेही पितृपक्षात? त्यापेक्षा सुरूच केलं नसतं तर बरं."

पंचांग मानणारं तुझं घर नव्हे. तुझ्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून तुमच्याकडे मुहूर्त नावाची गोष्ट नाही. तरी माझं मन मोडायचं तुझ्या जिवावर आलं. शेवटी म्हणालास, "बरं. पण मग पाच न्हाई, सात टाकू. अंतर कमी केलं की प्रत्येकावरचं ओझं कमी व्हईल. अन् वर जड काय ठेवायचं न्हाई. कांदा तर अजिबात न्हाई. एवढं भावजींना सांगशील?"

"सांगते."

आता पुढचं. तुला माहीत आहे, पण मी हे कुणाजवळ कधी कबूल केलेलं नाही. सात मी टाकू दिले नाहीत. फरशी तीन फुटांच्या हिशेबाने कापून आलेली होती, ती पुन्हा कापावी लागली असती, वाया गेली असती. आणि लोखंड वजनावर मिळतं. दुकानात काट्यावर पाच चार-इंची गर्डर ठेवले तेव्हा काटा जिथे थांबला ते बघून मला बरं वाटलं, सुदाम! मुहूर्तही साधतो आणि वरून पैसेही वाचतात, म्हणजे देवाच्याच मनात आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तू काट्याकडे नाही, माझ्याकडे बघत होतास. "पाचच?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, "पाच ठरलेत, पाचच."

देवाला मध्ये घालून मी काटकसर केली. ह्याहून मोठं पाप काय असतं?

सकाळी पहिल्या गर्डरला मी हळदकुंकू लावलं, लाल कापड बांधलं, नारळ वाढवला. तू बाजूला उभा होतास, माणसांना गप्प उभं केलं होतंस. मग दोरखंड आणि बांबू लावून चौघांनी एकेक गर्डर वर घेतला. प्रत्येक टोकाशी तू स्वतः चढलास. पट्टीवर टोक बसलं की हातोडीची एक टिचकी मारायचास आणि कान लावायचास. एका टोकाचा आवाज तुला पटला नाही, तर ते पुन्हा उचलायला लावून खाली पत्र्याची चकती सरकवलीस. चुकीच्या मापाचे गर्डर, आणि तू ते एवढे नीट बसवत होतास!

हे परत आले. छत बघून खूश झाले. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता दिवाळी आली, भाव पडलेला होता म्हणून ह्यांनी कांद्याच्या पिशव्या थेट गॅरेजच्या छतावर लावल्या आणि वर ताडपत्री टाकली. मी अंगणातून बघत होते. एक शब्द! एकच शब्द पुरला असता. पण तो बोलले असते तर मागचं सगळं बोलावं लागलं असतं.

महिन्याभरात मधला गर्डर बोटभर खाली आला. कांदे उतरवले तरी बाक गेला नाही. तुझ्या उताराचं पाणी मध्येच तळं करून बसायला लागलं.

मग तो बेल्ह्याचा बाजार. बैल बघायला आलेली चार गावची माणसं, तू कुणाला तरी गेटचं माप लिहून देत होतास, आणि ह्यांनी तुला गाठलं.

"काय राव सुदाम, निम्मे इंच म्हनं! तुज्या हिशेबानं माजं छत पोटाला आलंय. शाळेत मास्तरांनी पास कसं केलं तुला?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "ह्या लोकांचं गणित तसंच असायचं!" मला तेव्हाच कळलं, ते हसणं नुसतं गर्डरवरचं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं काम असतं तर म्हणाले असते, लोखंड खराब लागलं. तुझ्यासाठी त्यांच्याजवळ वेगळं वाक्य तयार होतं.

तू ह्यांच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. मी दहा पावलांवर लसणाच्या ढिगापुढे बसले होते. तू वाट बघत होतास. आणि मी मान खाली घालून गड्डे निवडत राहिले, जणू जगात लसणाहून महत्त्वाचं काही नाही.

दोन दिवसांनी तू घरी आलास. हे शेतावर होते. पाणीसुद्धा घेतलं नाहीस.

"ताई, मी सांगू का भावजींना? भांडायला न्हाई. नुसतं सांगतो."

"तुला माझी शपथ आहे सुदाम. मला घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"बरं," म्हणालास. "मग निदान खालनं एक मोठा गर्डर मधोमध आडवा टाकू दे. दोन टोकांना दोन खांब. बाराचं अंतर सहावर येईल. माझ्या खर्चानं टाकतो."

तेही झालं नाही. हे म्हणाले, पुन्हा हात लावू द्यायचा नाही त्याला.

मुहूर्त तू मानत नव्हतास, पाळलास. शपथ मानत नव्हतास, तीही पाळलीस. आणि रोज दिवा लावणारी मी, मी काय पाळलं? कधी कधी तुझाही राग येतो. होय, येतो! मोडायची होतीस शपथ. मी चार दिवस रडले असते, ह्यांनी दोन महिने अबोला धरला असता, मरत नव्हते मी. राजुरीत तुला पुन्हा छताचं काम मिळालं नाही. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या, एवढंच. शेजारच्या गावांतही तेच. तू आलास की हसत यायचास, "काय ताई, वही भरली का?" म्हणायचास, आणि मला वाटायचं, विसरलाय. आता वाटतं, विसरायला मला जागा देत होतास.

तुझ्या छातीत कळ आली आणि वर्कशॉपमध्येच तू गेलास, तेव्हा मी अवसरीला आले होते. मंदाला मिठी मारली, रडले. बोलले नाही. त्यानंतर तीन वर्षं बोलले नाही. आणि काल ती तुझ्या न केलेल्या चुकीची भरपाई करायला, फुकट राबायला आली.

आज सकाळी मी ह्यांना सांगितलं. पूजा झाली, आणि नैवेद्य दाखवताना हात थांबला. तशीच उठून बाहेर गेले. हे टेम्पोची काच पुसत होते.

"अहो, सुदामने माप चुकवलं नव्हतं."

"मंग काय उंदरानं कुरतडलं गर्डर?"

"त्याने सहाचेच सांगितले होते. चारचे मी टाकायला लावले. तुम्ही बाहेरगावी होतात. सहाचे यायला पंधरा दिवस होते आणि पितृपक्ष तोंडावर होता. वर कांदा ठेवू नका, हेही तुम्हाला सांग म्हणाला होता."

फडकं काचेवरच थांबलं.

"त्यो का बोलला न्हाई?"

"मी शपथ घातली होती."

"बाजारात मी त्याला काय काय बोललो... तू तिथंच व्हतीस."

"होते."

"लसूण निवडत व्हतीस!"

ह्यांनी फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, त्यात पाणी राहिलं नव्हतं तरी. मग टेम्पोच्या पायरीवर बसले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

"आता त्या बाईला सांगायला जाऊ नको," हळूच म्हणाले.

"का?"

"गेलेल्या माणसाला काय फरक पडतोय? अन् आपलं हसं व्हईल. बायकोनं दहा वर्षं फसवलं म्हनतील. मी चार लोकांत त्याला बोललो, त्ये समदं माज्यावर येईल. माजं काय ऱ्हाईल ह्या गावात?"

चूक नाही रे त्यांचंही. त्यांना भीती वाटली. मी ती भीती ओळखते, दहा वर्षं माझ्याच चुलीपाशी बसलेली आहे ती. पण एक गोष्ट मला आज दिसली, जी इतके दिवस दिसली नव्हती. घराची अब्रू म्हणून मी जे झाकत होते, ते झाकायला पांघरूण तुझं वापरत होते. आम्ही दोघं त्याखाली उबेत, आणि मंदा उघडी.

"मी जाणार आहे," म्हटलं. लग्न झाल्यापासून ह्यांनी नको म्हटलेलं काम मी केलेलं नाही. हे उठून शेताकडे गेले. जेवायला आले नाहीत. भाकरी झाकून ठेवली आहे. मागे वळून बघितलं नाही त्यांनी, आणि मला अडवलंही नाही. संध्याकाळी काय बोलतील, माहीत नाही. सांगायची ती भीती अजून गेलेली नाही. मोठ्या धीराची बाई झाले असं समजू नकोस.

आणि सुदाम, अजून एक. ह्यांना सांगतानाही मी पितृपक्षाचंच नाव पुढे केलं. ते दोन गर्डर, तू सात म्हणालास आणि मी पाच म्हटलं, ते मी आजही गाळलं! दहा वर्षांनी खरं बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातही काटकसर केली.

मंदासमोर करणार नाही. हे माझं तुला वचन. दुपारच्या एसटीने अवसरीला निघते आहे. तुझ्या वर्कशॉपमध्ये उभी राहून तिला सगळं सांगेन, मुहूर्ताचं, काट्याचं, त्या दोन गर्डरचं, बाजारातल्या लसणाचं. कानात नाही सांगणार. एवढ्या मोठ्याने सांगेन की तुझ्या माणसांना वेल्डिंग थांबवावं लागेल. तिने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तर रस्त्यावर उभी राहून सांगेन. नंतर ती मला ताई म्हणेल की नाही, ते तिने ठरवायचं.

तुला उशीर केला, भाऊ. तिला आणखी एक दिवसही करणार नाही.

तुझी अपराधी बहीण,
शालन